लता पाटील

लातूर,
२२ मे २०२५

प्रिय लुंबिनी,

फोन करून करून थकले बघ. रिंग जाते, तू उचलत नाहीस. मेसेज वाचलेला दिसतो, उत्तर नाही. शेवटी आज दुकानातून पाकीट आणायला सांगितलं. हरिओम हसले, म्हणाले, "आता पत्र कोण लिहितं?" मी म्हणाले, आम्ही लिहायचो. उन्हाळ्यात मी मामाच्या गावाला गेले की तू बिलोलीहून पत्र टाकायचीस, आणि त्यात सगळ्या गल्लीच्या भानगडी असायच्या.

तुम्ही दोघी रविवारी गेल्यापासून घर सुनं झालंय. दोनच दिवस राहिलात, पण सासूबाईसुद्धा म्हणाल्या, तुझी नांदेडची मैत्रीण लई मोकळी हाय.

आनंदाची गोष्ट आधी. दानम्मा आजींनी धम्मप्रियासाठी खोली धरून ठेवली आहे. काल त्या दारात भेटल्या. "तुमची बहीण कधी येते सामान घेऊन?" म्हणून विचारत होत्या. त्यांच्याकडे पोरींची रांग लागलेली असते, तुला माहीत आहे. क्लास चालत जायच्या अंतरावर, दोन वेळचं जेवण घरचं, आणि संध्याकाळनंतर गेटला कुलूप. दहावीला एवढे मार्क मिळवलेली पोरगी तुमच्या नांदेडला ठेवून काय करणार? डॉक्टर व्हायचं तर लातूरच. जूनच्या शेवटापर्यंत या म्हणाल्या.

माझ्याकडून काही चुकलं का गं? शनिवारी सकाळी तू डोक्यावरून आंघोळ करत होतीस, तेव्हा सासूबाई बाहेरून ओरडल्या, "पाणी जपून." ते मनाला लावून घेऊ नकोस. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो. त्या हरिओमलापण तसंच ओरडतात.

धम्मप्रियाला पापा. नागसेन भाऊजींना नमस्कार.

तुझी,
उज्वला


विष्णुपुरी, नांदेड,
२७ मे २०२५

प्रिय उज्वला,

पत्र मिळालं. फोनचं काय सांगू, दवाखान्यात ड्युटी लागोपाठ लागून राहिल्यात. उन्हाचे पेशंट लई वाढलेत. घरी आले की अंग टाकून देते.

पाण्याचं मी मनावर घेतलं नाही. उलट मलाच ओशाळल्यासारखं झालं. आम्ही धरणाच्या कडेला राहणारे, नळाखाली बादली भरून वाहिली तरी उठत नाही. तुझ्या घरी पिंप, घागरी, हंडे ओळीनं भरून ठेवलेले पाहिले, आणि मग कळलं की आपण किती सांडून राहिलो.

लातूर धम्मप्रियाला आवडलं होतं. शनिवारी संध्याकाळी गोलाईच्या बाजारात गेलो ना, तिथे ती मला म्हणाली, "आई, इथं सगळे जण कुठंतरी पोचायचं असल्यासारखे चालतात." आपल्या नांदेडला तसं नाही. इथं माणूस गुरुद्वाऱ्यात माथा टेकतो, लंगरला बसतो, नदीवर जाऊन उभा राहतो, घाई कुणालाच नाही. तुमच्याकडे प्रत्येक चौकात पोरांचे फोटो आणि खाली त्यांचे मार्क. ती एकेका फलकापाशी थांबून वाचत होती. दोन वर्षांनी तिथे तिचा फोटो असेल असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

पण आता विचार बदलला आहे. नांदेडलाही क्लास बरे आहेत. पोरगी नजरेसमोर राहील. तिची तब्येतही जरा नरम आहे, जेवत नाही नीट. दानम्मा आजींना खोली दुसऱ्या कुणाला द्यायला सांग. आमच्यामुळे त्यांचं नुकसान नको.

सासूबाईंना नमस्कार.

लुंबिनी


लातूर,
३१ मे २०२५

प्रिय लुंबिनी,

तब्येतीचं मला पटत नाही. गोलाईत माझ्यासोबत दोन प्लेट भजी खाणारी पोरगी एका आठवड्यात जेवेनाशी होते? आणि पत्राखाली नुसतं "लुंबिनी." "तुझी" कुठं गेलं?

मी रात्रंदिवस विचार केला. नावाचं लागलं का तुला?

लागलं असेल तर मला सांग, पण आधी त्या दिवसाची आठवण कर. शनिवारी सकाळी आपण दोन घरं पाहिली होती. पहिल्या घरी तू पूर्ण नाव सांगितलंस, "लुंबिनी नागसेन सोनकांबळे", आणि ती बाई म्हणाली, खोली कालच गेली. गेटवर "खोली भाड्याने देणे आहे" ही पाटी लटकत होती, आपण तिघींनी पाहिली. दुसऱ्या घरचा माणूस तर नाव ऐकून नुसता आत निघून गेला, परत आलाच नाही. आपण उन्हात उभ्या. धम्मप्रियाचा चेहरा बघवत नव्हता मला. तिसऱ्या घरीपण तसंच होऊ द्यायचं होतं का? म्हणून दानम्मा आजींकडे पाय ठेवल्या ठेवल्या मी बोलून गेले, "ही माझी मावसबहीण, लता पाटील." मला वाटलं, काम होऊन जाईल. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. पोरगी एकदा डॉक्टर झाली की कोण विचारतंय?

तुझ्यासाठीच केलं गं. तूही तेव्हा काही बोलली नाहीस. मला वाटलं, तुलाही चालतंय.

आणि आमच्या घरीच ठेवलं असतं तिला, पण वरच्या खोलीत जूनपासून हरिओमचा पुतण्या राहायला येतोय, शिकायला. नाहीतर मी दुसरीकडे कशाला हिंडवलं असतं तुम्हाला?

राग सोड. फोन उचल.

तुझी,
उज्वला


विष्णुपुरी, नांदेड,
६ जून २०२५

उज्वला,

फोनवर मला बोलता आलं नसतं. माझा आवाज चढला असता नाहीतर फुटला असता, म्हणून लिहितेच.

हाव, मी बोलले नाही. ते मला माहीत आहे, तू सांगायची गरज नव्हती.

दानम्मा आजींनी नाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाटील म्हणजे आपलीच माणसं की!" म्हणाल्या. माझा हात धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. देवघर दाखवलं. ताटलीत शिरा दिला, वर तूप घातलं. मी खाल्ला. "बिलोलीकडं जमीन किती हाय तुमची?" म्हणाल्या, तर तू मध्येच तुझ्या बाबांच्या जमिनीचं सांगितलंस, आणि मी मान हलवली. माझ्या बापानं तुझ्या बाबांच्या, हणमंतरावांच्या, त्याच जमिनीत सोयाबीन काढलं आहे, उज्वला, मजुरीनं. तू लहानपणी बांधावर बसून बघितलंयस. आणि मी तिथे बसून, ती माझीच असल्यासारखी मान हलवून राहिले होते.

त्यांनी पोरीला नाव विचारलं, "प्रिया" सांगण्यात आलं. तिनं शिऱ्याला हात लावला नाही. आजी म्हणाल्या, लाजते वाटतं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी पाणी दिलं, घेतलं नाही. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा पहिल्यांदा बोलली, "मला लातूरला शिकायचं नाही." मी म्हणाले, अगं, दोन वर्षं काढायची, कुणाला काय कळतंय. म्हणजे तुझंच वाक्य. तेव्हा ती म्हणाली, "दोन वर्षं मी रोज सकाळी प्रिया पाटील म्हणून उठायचं का?"

मी रोज दवाखान्यात बसून माणसांना म्हणते, "पूर्ण नाव सांगा." लोक सांगतात. परवा एका म्हातारीनं खाली बघत हळूच सांगितलं आणि माझी लेखणी थांबली.

आणखी एक. तुझ्या पुतण्याचं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्याच खोलीत आपण दोन दिवस झोपलो ना? तेव्हा मावशीनं सांगितलं नाही कुणी येणार आहे म्हणून. तिथे पलंग आहे, टेबल आहे, खिडकी आहे. मला तर पहिल्याच दिवशी वाटलं, मावशी आता म्हणेल, इथंच राहा."

मलाही तसंच वाटलं होतं. मी ते मनातल्या मनात दाबलं. तिनं बोलून दाखवलं.

लुंबिनी


लातूर,
१६ जून २०२५

प्रिय लुंबिनी,

तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

पुतण्या येणार नाही. तो परभणीला आहे आणि तिथेच राहणार आहे. ते मी पत्र लिहिता लिहिता तयार केलं. माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, याचंच मला नवल वाटतंय.

वरच्या खोलीचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, असं लिहिणार होते. तेही खोटं ठरलं असतं. आला होता. तुम्ही यायच्या आधी खोली झाडली, नवीन चादर घातली, टेबल खिडकीशी सरकवलं, आणि सरकवता सरकवता वाटलं की पोरीला अभ्यासाला ही जागा चांगली. लगेच मनात आलं, सासूबाई. दोन दिवस पाहुणी म्हणून ठीक, पण रोज स्वयंपाकघरात जाणं-येणं, पाण्याच्या हंड्यात हात, सणवार. त्या काय म्हणतील? हरिओम काय म्हणतील? मी कुणालाच विचारलं नाही. न विचारताच सगळ्यांच्या वतीनं नाही म्हणून टाकलं, आणि तुला घेऊन उन्हात दुसऱ्यांच्या दारात हिंडले. त्या पाटीवाल्या बाईला मी रस्ताभर शिव्या दिल्या, तुला आठवत असेल. तू गप्प होतीस. मला वाटलं, तुला माझ्या बोलण्यानं बरं वाटतंय.

तुझं पत्र दोन दिवस मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग जेवणं संपत आली तेव्हा सासूबाईंना विचारलं. साफ विचारलं, लुंबिनीच्या मुलीला वरच्या खोलीत दोन वर्षं ठेवू या का? त्या सुपारी कातरत होत्या. थांबल्या. म्हणाल्या, "पाहुणी येगळी, घरात ठेवणं येगळं. तुला कळत न्हाई का?" आवाज चढवला नाही, पोराला समजावतात तसं म्हणाल्या. हरिओम ताटावरून उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

तुला खरं सांगू? विचारताना माझ्या मनात दोन्ही होतं. त्या हो म्हणाल्या तर मी एकटीच वाईट ठरेन. नाही म्हणाल्या तर मी सुटेन, दोष त्यांच्यावर जाईल. त्या नाही म्हणाल्या. आणि मी काही सुटले नाही.

मी त्यांना काही उलटून बोलले का? नाही. "बरं" म्हणाले आणि भांडी उचलली. तू शिरा खाल्लास, मी भांडी उचलली.

दानम्मा आजींसमोर तुझं नाव मी बदललं, धम्मप्रियाचं नावही मीच तोडलं असेल. माझ्या तोंडाला तेव्हा खीळ नव्हती. तिला सांग, मावशीनं केलं, मावशीवर राग धर. आजींना मी अजून काही सांगितलेलं नाही. रोज त्यांच्या दारावरून जाते, त्या "येणार ना पोरगी?" विचारतात आणि मी "हो, बघते" म्हणून पुढं सटकते. आता भाजीला मागच्या गल्लीनं जायला लागले आहे.

उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस.

उज्वला


विष्णुपुरी, नांदेड,
२४ जून २०२५

उज्वला,

धम्मप्रियाचं नाव तू तोडलं नाहीस. ते अंगावर घेऊ नकोस.

आजींनी विचारलं, "नाव काय बाळ तुझं?" ती म्हणाली, "धम्म..." तेवढंच तिच्या तोंडून निघालं आणि मी वरून बोलले, "प्रिया. प्रिया नाव आहे तिचं." तू तेव्हा खिडकीतून मोरी बघत होतीस. मागच्या पत्रात मी "सांगण्यात आलं" असं लिहिलं, म्हणजे तुला वाटावं की तूच सांगितलंस. तुला वाटलंही. तू ते मुकाट्यानं घेतलंस, आणि ते वाचून मला इतकी लाज वाटली की पत्र डब्याखाली सारून ठेवलं.

ते नाव तिच्या आजीनं ठेवलंय, माझ्या सासूनं, नागुबाईनं. ती बाई जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबली, पण नातीचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा विहारात जाऊन भंतेजींना विचारून आली, आणि गल्लीत दहा जणांना मोठ्यानं म्हणून दाखवलं. ते मी एका खोलीसाठी अर्ध्यात कापलं.

तुझं पत्र वाचल्यावर मी पोरीला बसवून सांगितलं की माझं चुकलं. रडलेही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला नको सांगूस, आई. मला माझं नाव माहीत आहे. त्या आजीला सांग."

म्हणून परवा रविवारी आम्ही दोघी लातूरला येऊन गेलो. तुला कळवलं नाही. तुझ्या गल्लीत शिरताना मी पदर डोक्यावर घेतला, तुझ्या दारावरून जावं लागू नये म्हणून लांबून वळसा घातला. आपण दोघी आता एकाच मागच्या गल्लीनं चालतो म्हणायचं.

दानम्मा आजी अंगणात गहू निवडत होत्या. मला बघून उठल्याच, "या लताबाई, सामान कुठाय?" मी उभ्या उभ्याच सांगितलं. म्हणाले, "आजी, मी लता नाही. लुंबिनी सोनकांबळे. उज्वलाची मावसबहीण नाही, शाळेतली मैत्रीण. ही माझी मुलगी, धम्मप्रिया. आम्ही तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांच्या हातात सूप होतं ते त्यांनी खाली ठेवलं. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पोरीकडं. मग म्हणाल्या, "मी कुठं आडनाव इचारलं होतं तुम्हाला?"

खरं आहे, उज्वला. त्यांनी विचारलं नव्हतं. "कोणत्या गावच्या?" एवढंच विचारलं होतं. नाव आपणच पुढं केलं.

मी म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर खोली दिली असती का?"

त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "ठाऊक न्हाई बाई. आता सांगता येत न्हाई मला." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "पोरगी हुशार हाय. राहू दे हवं तर. फक्त बाकीच्या पोरींना बोलायचं न्हाई. त्यांचे आईबाप मला इचारतील. प्रियाच म्हणू आपण तिला."

आणि माझ्या मनाला मोह झाला. हे लिहायलाच हवं. एवढं सगळं होऊनही क्षणभर वाटलं, घ्यावं. आजी मनानं वाईट नाही, खोली चांगली आहे, क्लास जवळ आहे. मी पोरीकडं बघितलं.

धम्मप्रिया म्हणाली, "नको आजी. आम्ही खोलीसाठी नाही आलो." मग ती एक पाऊल पुढं आली. "तुम्ही त्या दिवशी शिरा दिला, मी खाल्ला नाही. तुमचा राग नव्हता."

आजींनी पाण्याचा तांब्या आणून दिला. आम्ही प्यायलो. "बसा," म्हणाल्या, पण आम्ही बसलो नाही, आणि त्यांनीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही. गेटापर्यंत मात्र आल्या.

रिक्षात बसल्यावर पोरगी रडली. मला वाटलं होतं, तिला हलकं वाटेल. ती म्हणाली, "मला तिथंच शिकायचं होतं गं." बसस्टँडपर्यंत ते फोटो आणि मार्कांचे फलक लागतच होते. तिनं एकही वाचला नाही.

काल तिचं नाव इथल्या क्लासमध्ये घातलं. क्लास शहरात आहे, सकाळच्या बसनं जावं लागतं. नागसेन म्हणाले, झालं ते बरंच झालं, इथंही होतात पोरं डॉक्टर. होत असतील. पण तिनं स्वतः होऊन नांदेड निवडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आपण दोघींनी तिला परत पाठवली, एकीनं वरची खोली झाकून आणि एकीनं तिच्याच तोंडावर हात ठेवून.

आज सकाळी मी तिला बसस्टॉपवर सोडायला निघाले तर म्हणाली, "आई, तू नको येऊस. मी जाते." राग आहे की मोठी झाली आहे, ते मला ओळखता आलं नाही. मी दारातच उभी राहिले. ती धरणाच्या रस्त्यानं गेली, एकदाही मागं न बघता.

तुझ्यावरचा राग मात्र मला नीट ओळखता येतो. तो आहे. आणि तू सासूबाईंना विचारलंस, "बरं" म्हणालीस तरी विचारलंस, तेही माझ्या ध्यानात आहे. दोन्ही एकाच मनात कसं ठेवायचं ते अजून जमत नाही. सध्या मला भेटायला ये म्हणवत नाही, आणि मी तिकडं येणार नाही.

पण पत्र लिहू नकोस, असं मी म्हणत नाही.

तुझी,
लुंबिनी